कचऱ्याच्या डब्यात एकशे चाळीस नावं

चहा गरम आहे तोवर सांगून टाकते, तो निवला की माझी हिंमतही निवेल. हा किस्सा मी अजून घरात कुणाला सांगितलेला नाही. तुम्हीही सांगू नका. म्हणजे सांगालच, पण निदान माझ्यासमोर नको.

सत्त्याण्णव साली भाऊ अमेरिकेहून आला आणि जाताना मला एक मॅक लॅपटॉप देऊन गेला. कोरा, करडा, मांडीवर मावणारा. आमच्या नेरूळच्या सोसायटीत तेव्हा कॉम्प्युटर तीन, आणि तिन्ही साधे पीसी. एकावर भरतकामाचं झाकण, दुसऱ्यावर दसऱ्याला लावलेल्या कुंकवाचं बोट अजून तसंच, आणि तिसऱ्यावर शेजारचे कुलकर्णीकाका रिटायर झाल्यापासून एकट्याने पत्ते खेळत. म्हणजे अख्खं जग बदलू शकणारं यंत्र घरी आणायचं आणि त्यावर पत्ते लावायचे! असल्या लोकांमध्ये मी राहत होते. मी मात्र समाज बदलणार होते.

भावाने एक जाडसर पुस्तिका हातात ठेवली आणि आधी हे वाच म्हणाला. मी हसले. पुस्तक वाचून चालवायचं ते यंत्र कुलकर्णीकाकांचं. मॅक बुद्धिमान माणसांसाठी असतो, तो आपोआप समजतो. पुस्तिका मी टीपॉयच्या हलणाऱ्या पायाखाली सरकवली. टीपॉय स्थिर झाला. तेवढा उपयोग पुरे, असं मला वाटलं.

मग सॉफ्टवेअर निवडायला बसले. लिहिण्याचा एक साधा प्रोग्राम मशीनमध्ये होताच. उघडला की कोरं पान, त्यावर लिहा. इतकं बाळबोध? रजेचा अर्ज लिहायचा आहे का मला? भाऊ सीडींची चळत ठेवून गेला होता. त्यातून मी वर्तमानपत्रांची पानं लावायचा सगळ्यात अवघड प्रोग्राम निवडला. का? तर तो अवघड होता म्हणून. पहिल्या ओळीभोवती चौकट काढायला मला चार दिवस लागले. पण काय चौकट होती!

आता एवढं सगळं कशासाठी, ते सांगते. जवळच्या सारसोळे गावच्या मासे विकणाऱ्या बायकांसाठी. नवीन मार्केट बांधून होत आलं होतं आणि त्यात बसायला ओटे मिळणार होते. पण ज्या बायका आधीपासून धंदा करतात त्यांची यादी, रेशनकार्डाच्या नंबरासकट, ठरलेल्या शुक्रवारी पाचच्या आत बेलापूरच्या ऑफिसात पोचायला हवी होती. नाही पोचली तर ओटे लिलावात. आणि लिलावात पारूमावशीसारखी बाई काय बोली लावणार? तीस वर्षं ती रस्त्याच्या कडेला पाटी मांडून बसली होती.

यादी केली पारूमावशीच्या सुनेने, संगीताने. दहावी पास, आणि नेरूळ स्टेशनजवळच्या एका क्लासात कॉम्प्युटर शिकत होती. पंधरा दिवस घरोघर फिरून तिने वहीत एकशे चाळीस नावं उतरवली. मग क्लासातल्या पीसीवर ती टाईप केली, वर चार ओळींचा अर्ज लिहिला आणि सगळं एका फ्लॉपीत, म्हणजे त्या चौकोनी प्लॅस्टिकच्या चकतीत, भरून माझ्याकडे आणून दिलं. क्लासातल्या मशीनवर मुलींना काही ठेवू देत नसत, त्यामुळे फ्लॉपी एकच.

तिचा अर्ज वाचून मला कीव आली. 'विनंती आहे की'! हक्क मागताना विनंती कसली? आता मी याला रूप देते, असं मी तिला म्हटलं. सोबत तिने वहीही आणली होती. कडांना मासळीचा वास, मधल्या पानांवर खवले चिकटलेले. कॉम्प्युटरच्या जमान्यात वही कसली सांभाळतेस, असं म्हणून मी ती तिच्या देखत रद्दीत टाकली आणि दुसऱ्या दिवशी रद्दीवाल्याला घातलीसुद्धा. वही टाकताना संगीता रद्दीच्या गठ्ठ्याकडे बघत राहिली होती. ते मला तेव्हा अडाणीपणाचं वाटलं.

तो शुक्रवार उजाडला. अकरा वाजता संगीता आणि पारूमावशी घरी आल्या. बेत साधा होता. फ्लॉपी मॅकमध्ये घालायची, यादी माझ्या चौकटीत बसवायची, फ्लॉपी काढून बेलापूरला एका झेरॉक्सवाल्याकडे छापायची आणि अर्ज द्यायचा. फ्लॉपी घातली. पडद्यावर तिचं छोटं चित्र उमटलं. यादी मात्र माझ्या त्या महान प्रोग्रामात उघडेना. दोन तास झटापट केली. त्या बाळबोध प्रोग्रामात मात्र ती लगेच उघडली. शेवटी म्हटलं जाऊ दे, संगीताचा अर्जच छापू, काढा फ्लॉपी.

काढा कुठून? बटणच नाही.

मी लॅपटॉप उलटा केला, आडवा केला, फटीत चिमटा घातला. आईचा भुवयांचा चिमटा होता, तो वाकला. बंद करून बघावा तर जीव धजेना. आत यादी उघडी आहे, पुसली गेली तर? कुलकर्णीकाका डोकावले आणि बटण कुठंय म्हणून विचारू लागले. मी त्यांना ऐकवलं की बटण नसणं हीच प्रगती आहे. ते 'असेल बाबा' म्हणत पत्ते खेळायला गेले.

एवढ्या वेळात संगीताने काय केलं असेल? टीपॉयच्या पायाखालची पुस्तिका काढली होती आणि ओळीवर बोट ठेवून वाचत होती. टीपॉय हलला, म्हणून मला कळलं.

"ताई," ती म्हणाली, "फ्लॉपीचं चित्र वढून त्या कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या डब्यात टाकायचं, असं लिवलंय इथं."

आता तुम्हीच सांगा, तुम्ही काय केलं असतं? मी तिला व्याख्यान दिलं. छापलंय ते सगळं खरं मानायचं हीच आपल्या समाजाची शोकांतिका आहे, असं म्हणाले. एकशे चाळीस बायकांचं पोट त्या फ्लॉपीत आहे आणि तू ती कचऱ्यात टाकायला निघालीस? इंग्रजी नीट कळत नसेल तर विचारावं. पारूमावशी पानाला चुना लावत एकदा माझ्याकडे, एकदा सुनेकडे बघत होती. पुस्तिका मी पुन्हा टीपॉयखाली सरकवली.

साडेतीन वाजले तेव्हा मला तोडगा सुचला. कागद कशाला हवा? यादी पडद्यावर दिसतेय ना? लॅपटॉपच घेऊन जाऊ. रिक्षात मी बॅग मांडीवर घट्ट धरून बसले. पारूमावशीने ती सरकवून घ्यायला हात लावला तर ओरडले तिच्यावर. वाटेत दोघींना कागदाविना चालणाऱ्या ऑफिसांचं भविष्य समजावून सांगितलं. भविष्य सीवूड्सपर्यंत पुरलं.

ऑफिसात आवक-जावकच्या टेबलावर एक गृहस्थ बसले होते, साताऱ्याकडचे असावेत. मी त्यांच्यासमोर लॅपटॉप उघडला आणि यादी दाखवली. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. पहिली पाच नावं वाचलीसुद्धा. मग ड्रॉवरमधून शिक्का काढला, गादीवर दाबला आणि हात तसाच हवेत धरून मला विचारलं,

"शिक्का कुठं मारू बाई? काचंवर?"

मागची रांग हसली. मी नोकरशाहीवर बोलायला सुरुवात केली. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि घड्याळाकडे बोट दाखवलं. चार वाजून वीस मिनिटं. कागद आणा, मी पाचपर्यंत हाय, एवढंच बोलले. बॅटरी संपत आल्याची सूचना त्याच वेळी पडद्यावर आली. पारूमावशी बाकावर बसली आणि तिने पदराने तोंड पुसलं. घाम नव्हता तो. तिच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

संगीताने लॅपटॉप स्वतःकडे वळवला. मला विचारलं नाही. बोटाने बाण फ्लॉपीच्या चित्रावर नेला, चित्र धरलं आणि ओढायला लागली. कोपऱ्याकडे. डब्याकडे.

मी किंचाळले. भर ऑफिसात, दोन मजल्यांना ऐकू जाईल अशी. "टाकू नकोस! नावं जातील!"

तिचं बोट थांबलं. वर न बघता ती म्हणाली, "वही टाकलीत तवा नाय घाबरलात, ताई."

आणि तिने सोडलं.

आतून घर्र आवाज आला आणि मॅकने मला जीभ काढून दाखवावी तशी फ्लॉपी बाहेर आली. सगळी नावं शाबूत. म्हणजे कचऱ्यात टाकायचं ते मी जपलं आणि जपायचं ते रद्दीत घातलं. पदवी आहे माझ्याकडे, फर्स्ट क्लास.

संगीता ती घेऊन जिन्यावरून धावत उतरली. खाली झेरॉक्सवाल्याकडे पीसी होता, त्याच्यावरही भरतकामाचं झाकण. त्याने ते बाजूला केलं आणि बारा मिनिटांत यादी छापली. वर तोच अर्ज, 'विनंती आहे की'. पाचला सात कमी असताना शिक्का कागदावर पडला आणि पारूमावशीने तो कागद दोन्ही हातांनी धरून पाहिला, वाचता येत नसताना.

रजिस्टरात नोंद करायची होती. अर्ज कुणी आणला? संगीताने स्वतःचं नाव सांगितलं, पारूमावशीने अंगठा दिला. मग त्या गृहस्थांनी पेन माझ्याकडे वळवलं.

"आनि या कोन?"

मी घसा साफ केला. काय सांगावं, कार्यकर्ती की मार्गदर्शक, एवढा विचार करेपर्यंत पारूमावशीने उत्तर देऊन टाकलं होतं. अगदी मायेने, माझी बाजू घेतल्यासारखं.

"ती व्हय? तिचं नाव नका लिवू साहेब. ती मशीन उचलाला आलीय."