पट अजून मामाकडेच आहे

माझा मामा करोनाने गेला नाही.

दर वर्षी याच दिवशी हे सांगावं लागतं. कारण ते साल ऐकलं की लोक मान हलवून मोकळे होतात, "हो ना, तेव्हा फार माणसं गेली."

मामा हार्टने गेला. माझ्याकडून हरला, आणि डाव न फेडताच गेला. मला राग त्याचा आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मामा मिठबावचा. आंब्याची कलमं, एक खडखडणारी स्कूटर आणि बुद्धिबळाचं वेड एवढा त्याचा संसार. मी लग्न होऊन तोंडवलीला आले. अंतर म्हणाल तर काहीच नाही, पण मध्ये तालुक्याची हद्द. अशी काही हद्द असते हे आम्हाला लॉकडाऊनमध्येच कळलं.

आमचा पट फणसाच्या लाकडाचा. त्यातलं एक काळं प्यादं फार पूर्वी हरवलं, त्या जागी काजूची बी. मामी दर हंगामात नवी बी ठेवायची, कारण जुनी कुणीतरी भाजून खायचं.

कुणीतरी म्हणजे मामाच.

आणि आमचा एक नियम होता, तोही मामानेच केलेला. हरेल त्याने पट आपल्या घरी न्यायचा. पुढच्या डावाचं बोलावणं त्यानेच करायचं, जेवायलाही त्यानेच घालायचं. बोलावणं आल्याशिवाय जिंकलेल्याने खेळायला जायचं नाही.

लॉकडाऊन लागला तेव्हा पट माझ्याकडे होता. म्हणजे बोलवायचं मी. आणि गावाच्या तोंडाशी बांबू आडवे टाकलेले.

शेवटी मामाला मोबाइलवर खेळायला लावलं. त्याला रेंज मिळायची फक्त विहिरीच्या कठड्यावर. डाव रंगात आला की रेंज जायची, त्याची वेळ संपायची आणि स्क्रीनवर मी विनर. लगेच फोन.

"ह्या हरणा न्हय गो. पट खंय आसा? तुझ्याकडे. म्हणजे हरलंस तूच. बोलव माका."

बोलवू कुठून? पास मिळेना, कुणी धड सांगेना. आज सुरू, उद्या बंद. तेव्हा मी ज्याच्या त्याच्यावर खेकसत होते.

मग जरा सैल झालं. समोरासमोर स्पर्धा पुन्हा सुरू झाल्याचे फोटो यायला लागले. दोन खेळाडूंच्या मध्ये पारदर्शक प्लास्टिक, त्याच्या खालून हात घालून चाल करायची. मी फोटो मामाला पाठवला.

"ह्यो खेळ की बँकेचो काउंटर?" एवढंच म्हणाला. पण दुसऱ्या दिवशी स्कूटरची सर्व्हिसिंग करून घेतली, हे मामीने सांगितलं.

मी बोलावलं. तो आला.

पडवीत लांब बाकडं टाकलं, दोन टोकांना दोघं, मध्ये पट. सोंगट्या मी सॅनिटायझरने इतक्या घासल्या की घोड्यांचा काळा रंग माझ्या बोटांना लागला. मामाने हात पुढे केला आणि अर्ध्यावरून मागे घेतला.

इतक्या महिन्यांनी माणूस समोर बसलेला, आणि दिसतंय काय? चष्मा आणि मास्क! माझ्या नाकपुड्या फुगल्या की माझी चाल चुकलेली असते, असं मामा म्हणायचा. आता नाकच झाकलेलं. तो अधूनमधून माझ्याकडे बघायचा आणि वैतागून पुन्हा पटाकडे वळायचा.

त्याच्या चष्म्यावर वाफ धरत होती. पुसायचा, पुन्हा धरायची. आणि अशातच त्याने वजीर उचलून सरळ माझ्या उंटाच्या तोंडी दिला.

त्याला उंट दिसलाच नव्हता. म्हटलं, मामा, चष्मा पूस आणि चाल परत घे. नाही म्हणाला. सोंगटीला हात लागला तो लागला. मी पुन्हा म्हटलं, तर चिडला.

"माका काय लहान पोरासारख्या खेळवतंस? मार तो वजीर."

मारला. इतकी वाट बघून मिळालेला डाव, आणि जिंकले कशामुळे? मास्कमुळे. मला असलं जिंकायचं नव्हतं.

जाताना त्याने पट स्कूटरला बांधला. उलट खुशीत दिसला.

"आता पट माझ्याकडे. मी बोलवतंय तुका. चष्मो पुसून बसतंय."

पुन्हा सगळं बंद झालं. बोलावणं राहिलं. आणि एका सकाळी मामाच्या नंबरवरून फोन आला. मी "कधी येऊ?" म्हणतच उचलला.

पलीकडे मामी होती.

हद्दीवर मला अडवलं. शेवटचं बघायलाही मिळालं नाही. तो राग अजून गिळता येत नाही, आणि मी गिळणारही नाही.

पुढे रस्ते सुटल्यावर गेले. मामीने पट पंच्यात गुंडाळून माझ्यासमोर ठेवला. "तू ने गो. हंय आता कोण खेळतलो?"

मी नेला नाही. हरलेल्याचा पट हरलेल्याच्या घरी.

मामेभाऊ म्हणतो, ताई, वाळवी लागेल. नवरा म्हणतो, आठवण म्हणून तरी आण. अरे, आठवण कसली? डाव बाकी आहे. हे कुणाला समजावून सांगायचं म्हणजे डोकं फिरतं माझं.

काल मामीकडे गेले होते. मामीला भेटायला, खेळायला नाही.

पट खिडकीपाशी होता. पुसलेला, मांडलेला. आणि काळ्या प्याद्याच्या जागी या हंगामातली ताजी काजूबी.

चहा घेतला आणि आले.

आज श्रद्धांजली बाकीचे लिहितील. माझा हात वळत नाही.

मामा, नियम तुझाच. बोलावल्याशिवाय मी येणार नाही.

चष्मा पूस, आणि बोलाव ना रे.