सुभेदाराच्या दाढीचं वेळापत्रक

चटईवर नऊ वस्तू आहेत. स्टीलच्या वाट्या दोन, फिरायला न्यायचा पट्टा एक, ब्रश एक, कंगवा एक, खाण्याचं अर्धं पाकीट एक, लसींचं कार्ड एक, टॉवेल दोन. अक्षता बिराजदार त्या डावीकडून उजवीकडे मोजते, मग उजवीकडून डावीकडे. दोन्ही वेळा नऊच भरतात. सुभेदार चटईच्या काठावर बसलाय. त्याला सामानात धरायचं की नाही हे काही तिला ठरवता येत नाही, म्हणून तिनं त्याला मोजलेलं नाही.

सुभेदार हा श्नाउझर जातीचा कुत्रा. उंचीला गुडघ्याएवढा, रंगानं राखाडी, तोंडाभोवती भरघोस दाढी-मिशा आणि डोळ्यांवर छपरासारख्या उतरलेल्या भुवया. कुणी पाहुणा आला की तो असा रोखून बघतो, की पाहुण्याला आपलं काहीतरी चुकलंय असं वाटावं. म्हणूनच महादेवी आत्यानं त्याचं नाव सुभेदार ठेवलं होतं. आत्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होती. डेपोच्या एका साहेबांची परदेशी असलेल्या मुलाकडे जायची वेळ आली, तेव्हा त्यांनी हा कुत्रा तिच्या हवाली केला. जानेवारीत आत्या झोपेतच गेली आणि जुळे सोलापुरातला तिचा फ्लॅट आणि सुभेदार दोन्ही भाचीकडे आले. फ्लॅटला काही लागत नाही. सुभेदाराला मात्र लागतं.

अक्षता रसायनशास्त्राची पदवीधर. पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी करते, आठवड्याआड पाळी बदलते. स्वच्छतेच्या बाबतीत ती कसली कसर ठेवत नाही. रोज संध्याकाळी सुभेदाराला साबण लावून आंघोळ, तीन वेळा पाणी, मग पुसणं, मग वाळवणं, मग दाढी विंचरणं. यात दीड तास जातो. आणि एवढं करून दाढीत गाठी होतात त्या होतातच, तो कंगवा बघून पलंगाखाली शिरतो आणि रात्रभर अंग खाजवतो. तिनं चार महिने हे केलं. आता होत नाही. आज रविवार, पाच वाजता विजापूर रोडवरचे उंबरजे त्याला कायमचं न्यायला येणार आहेत. त्यांचा शेतावर बंगला आहे. फोनवर ते म्हणाले होते, "आणल्या आणल्या पहिल्यांदा सफाचट करून टाकतो बघा त्याला. कोण बसतंय विंचरत?"

मे महिन्यातली सोलापूरची दुपार. कूलर घरघरतोय. अक्षता चटईशेजारी फरशीवर आडवी होते, डोळे मिटायचे नाहीत असं ठरवून. सुभेदार तिच्या पोटरीला पाठ लावून पडतो. कूलरची घरघर हळूहळू बारीक होते, दूर जाते, आणि मग तिला एका लयीत शिट्ट्या ऐकू येतात.

शिट्ट्या कुकरच्या आहेत. स्वयंपाकघरात आत्या उभी आहे, खाकी कोट साडीवर चढवलेला, ड्यूटीवर असायचा तसा. ओट्यावर चहाचं आधण आहे आणि आधणाशेजारी सुभेदार बसलाय, अगदी शहाण्यासारखा, हनुवटी वर करून.

"ओट्यावर कुत्रं?" अक्षता म्हणते.

"पुसते की नंतर," आत्या म्हणते. "तू बस आधी. किती वाळलीस गं. जेवतीस का नुसती नळ्या धूत बसतीस?"

अक्षता बसते. खुर्ची नाही, तरी ती बसते आणि बसायला काहीतरी असतं.

"आत्या, तू गेलीस ना?"

"गेले की. म्हणून तर आता टाइम हाय मला."

अक्षताला हे अगदी बरोबर वाटतं. आत्या फडताळातून पांढऱ्या पिठाचा डबा काढते. कॉर्नफ्लोअर. चिमूट घेऊन ती सुभेदाराच्या दाढीत बोटांनी चोळते, करंजीच्या पिठाला मोहन चोळावं तशी. मग गाठ शोधते, दोन्ही हातांच्या बोटांत धरते आणि बाहेरून आत अशी उसवत जाते. सुभेदार डोळे मिटून घेतो.

"तो माझ्यापाशी असं करत नाही," अक्षता म्हणते. तिच्या आवाजात जराशी तक्रार आहे.

"तू मुळापासनं ओढतीस. दुखतंय त्याला. आधी टोकं मोकळी करायची, मग मधलं, मग मूळ. आणि कोरडं असताना. पाणी लागलं की गाठ घट्ट होती, लोकरीसारखी. तू आधी भिजवतीस, मग विंचरतीस. उलटी गाडी लावलीस बघ फलाटाला."

"मी रोज आंघोळ घालते त्याला," अक्षता म्हणते. "तीन पाण्यांनी."

"तीन पाण्यांनी!" आत्या हसते, आणि हसताना तिचा खाकी कोट हलतो. "काचेची नळी हाय का ती? पाच-सहा आठवड्यांतनं एक आंघोळ बास झाली. रोज साबण लावलास तर कातडी कोरडी पडणार, मग खाजवणारच की तो."

अक्षता खाली बघते. तिच्या हातात खरोखरच काचेची नळी आहे आणि समोर प्रयोगशाळेतलं बेसिन आहे. नळीवर बारीक दाढी उगवली आहे. ती नळी धुते, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा, आणि दर खेपेला दाढी जास्त गुंतते. शेजारच्या इन्क्युबेटरचं, नमुने ठेवायच्या उबदार कपाटाचं, दार उघडं आहे. आत नमुन्यांच्या बाटल्यांऐवजी कंगवे रांगेत ठेवलेत, प्रत्येकावर चिठ्ठी, प्रत्येक चिठ्ठीवर तिचंच अक्षर. तिला त्याची लाज वाटत नाही. नुसतं कुतूहल वाटतं. कुठलं तापमान लावलंय हे ती वाकून बघायला जाते.

"ए शास्त्रज्ञ," आत्या म्हणते, "इकडं ये. बार्शी लागती आता."

बेसिनच्या पलीकडे काच आहे आणि काचेपलीकडे स्टँड. आत्याची नियंत्रण खोली. टेबलावर माईक, माईकशेजारी सुभेदार. गाड्या गॅलरीतून आत येतात, कुंड्यांना न लागता, आणि फलाटाला तोंड लावून उभ्या राहतात. ऊन आहे, पण पोळत नाही. आत्या माईक ओढते.

"लक्ष द्या. सोलापूर-बार्शी गाडी फलाट क्रमांक चारवर उभी आहे." माईक सोडते, सुभेदाराचा एक पाय उचलते, तळव्याच्या गाद्यांमधले केस बोथट टोकाच्या कात्रीनं कापते. "हे बारीक ठेवले की चिखल आत येत न्हाई. फरशी पुसायची वाचली. लक्ष द्या, अक्कलकोटकडे जाणाऱ्या प्रवाशांनी..." दुसरा पाय. "पावसाळ्यात कळंल तुला."

"तू कामावर नेत होतीस त्याला?"

"न्हाई गं. साहेब ओरडला असता. पण घरी पण असंच करत होते. चहा उकळतोय तंवर दाढी. कुकर लागलाय तंवर पाय. फिरून आलं की दारातच पोटाखालनं कंगवा फिरवायचा, घरात शिरायच्या आधी. कंगवा पट्ट्याच्या खिळ्यालाच टांगायचा, आत कपाटात ठेवलास की गेलं. तू काय करतीस? एक वेगळा दीड तास काढतीस. आपल्याकडं वेगळा दीड तास हाय कुठं? दोन गाड्यांच्या मधी जेवढं मिळतं तेवढंच."

"आणि जेवल्यावर? सगळी दाढी बरबटते."

"वाटी खोल हाय तुझी. उथळ घे, पसरट. अन् खाऊन झालं की लगेच ओलं फडकं. वाळू दिलंस की पुन्हा दीड तास."

आत्या हे सगळं अशा स्वरात सांगते, जसं कुणी चुकलेल्या प्रवाशाला फलाट दाखवावा. अक्षता मनातल्या मनात टिपून घेते, आणि टिपून घेताना तिला जाणवतं की यातलं बरंचसं तिनं पाहिलेलं आहे. सुट्टीत ती इथं यायची, पुस्तकात डोकं घालून बसायची, आणि समोर ओट्यापाशी हे चाललेलं असायचं.

"आत्या," ती म्हणते, "पाच वाजता उंबरजे येणार आहेत."

"माहितंय."

"रागावलीस?"

"मी कशाला रागावू? कुत्रा तुझा, घर तुझं." आत्या भुवईचे केस कंगव्यावर घेते, तिरकी कात्री लावते. "द्यायचा तर दे. उंबरजे काय वाईट माणूस न्हाई. पण टाइम न्हाई म्हणून देतीस, का जमत न्हाई म्हणून?"

गॅलरीतून एक गाडी निघते. अक्षता ती दिसेनाशी होईपर्यंत तिच्याकडे बघत राहते.

"जमत नाही म्हणून," ती म्हणते. "मी हात लावला की तो पळतो. मला वाटतं त्याला तुझीच वाट बघायचीय. माझ्याकडून सगळं चुकतं."

"मला काय पोटातनं येत होतं? पयल्या म्हैन्यात मी त्याची एका बाजूची भुवई पार कापून टाकली. साफ! दोन म्हैने एक डोळा वटारून फिरत होता बिचारा. घरी आलेले कंडक्टर विचारायचे, बाई, तुमचं कुत्रं रागावलंय का डोळा मारतंय?"

अक्षता हसते. हसू पोटातून येतं आणि थांबत नाही. जानेवारीपासून ती अशी हसलेली नाही. आत्याही हसते, सुभेदार दोघींकडे आळीपाळीनं बघतो, आणि माईक चालूच राहिल्यानं ते हसणं सगळ्या स्टँडभर ऐकू जातं. फलाटावरचे लोक वर बघतात. कुणाची काही हरकत दिसत नाही.

"धर," आत्या म्हणते आणि कंगवा तिच्या हातात देते.

अक्षता कंगवा दाढीला लावते. सुभेदार मान मागे घेतो.

"अगं, हात हलका." आत्या तिचं मनगट धरते. आत्याचा हात छोटा. तिच्या दोन-दोनच्या मापाच्या बांगड्या घरात दुसऱ्या कुणाच्या हातात चढत नसत. पिठानं पांढरा झालेला तो हात मनगटावर घट्ट बसतो, आणि कंगवा टोकांवरून जातो. मग मधून. मग मुळापासून, नाकापासून हनुवटीच्या खालपर्यंत. कुठंही अडकत नाही. सुभेदार एक लांब श्वास सोडतो.

"बघ," आत्या म्हणते. "झालं की." मग माईककडे वळते. "लक्ष द्या. फलाट क्रमांक एकवरची गाडी..."

कुठली गाडी, ते अक्षताला ऐकू येत नाही. दाराची बेल वाजते आहे.

ती उठते तेव्हा गालावर फरशीचा गारवा आहे. सुभेदार भुंकत दारापर्यंत जाऊन पोचलाय. दारात उंबरजे उभे आहेत, डोक्याला टॉवेल, हातात नवा कोरा पट्टा.

"झोपला होता का ताई? चार वेळा बेल मारली."

"सर, आत या. पाणी देते." ती मडक्यातलं पाणी आणते. उंबरजे उभ्यानंच तांब्या रिकामा करतात. सुभेदार भुवयांखालून त्यांच्याकडे असा बघतो, की ते आपला शर्ट नीट करतात.

"चला मग साहेब," ते त्याला म्हणतात.

"सर, सुभेदार नाही येणार," अक्षता म्हणते. "माफ करा. तुम्हाला एवढ्या उन्हात यायला लागलं."

"आं? अहो, मग सकाळी फोन करायचा की!"

"सकाळी ठरलं नव्हतं. आत्ता ठरलं."

"आत्ता? झोपेत?"

"हो."

उंबरजे तिच्याकडे बघतात, मग कुत्र्याकडे, आणि मोठ्यानं हसतात. "बिराजदारांचं घर म्हणजे... तुमच्या आत्या पण अशाच होत्या बघा. एकदा मी स्टँडवर पळत पळत आलो, तर गाडी हलली की ह्या वरनं माईकवर, उंबरजे, आता उद्या जावा!" ते नवा पट्टा खिशात कोंबतात. "असू द्या. आमच्याकडं तसं पण कुणी विंचरणारं नव्हतं." जाता जाता ते तिच्या हाताकडे बोट दाखवतात. "पिठाचा हात धुवा ताई. भाकऱ्या करत होता वाटतं."

दार लागतं. अक्षता उजवा हात उजेडात धरते. मनगटावर पांढरं काहीतरी लागलेलं आहे, वरच्या बाजूला चार पट्टे, खालच्या बाजूला एक. ती कडेचा कण दोन बोटांत घेऊन चोळते. तो बर्फ दाबल्यासारखा करकरतो, कॉर्नफ्लोअर करकरतं तसा. ती स्वयंपाकघरात जाते. कॉर्नफ्लोअरचा डबा सगळ्यात वरच्या फळीवर आहे, झाकण बंद. ती चहाचं आधण ठेवते. सुभेदार मागोमाग येतो आणि ओट्यापाशी बसतो, हनुवटी वर करून.

चहा उकळायच्या आत ती टेबलाच्या खणातून स्टीलची पट्टी काढते आणि मनगटावर ठेवते. चार बोटांच्या ठशांची मिळून रुंदी पाच पूर्णांक सहा सेंटिमीटर. मग ती स्वतःची चार बोटं जुळवून पट्टीवर ठेवते. सहा पूर्णांक नऊ.