निगेटिव्हच्या डब्यांतली माणसं

दुकानात गर्दी होती तेव्हा आमच्याकडे सांगायला काही नव्हतं. गर्दी आटली आणि किस्से साचायला लागले! कारंज्यातल्या भाऊंच्या स्टुडिओत मी पंचवीस वर्षं आहे. भाऊ मालक, मी असिस्टंट. आता दिवसभरात पासपोर्ट फोटोची चार माणसं येतात, उरलेल्या वेळात आम्ही जुनं उगाळत बसतो.

*

परवा पेठेतल्या शेठजींची नात फोटो काढायला आली. मी एक काढला. "डिलीट!" दुसरा. "डिलीट!" असे सव्वीस झाले. हिच्या आजोबांच्या लग्नाचा अख्खा अल्बम छत्तीस फोटोंचा, आणि त्यात सात फोटोंत शेठजींचे डोळे मिटलेले. त्यांनी सातही चिकटवले होते.

"बेटा, तुह्या आजोबाचे मिटलेले डोये बी आमी सांभाळून ठेवले," भाऊ म्हणाले.

पोरगी हसली. भाऊ काही हसले नाहीत.

*

इकडच्याच मालेगावच्या एका तरुणाचा मोबाइल विहिरीत पडला. वडील नुकतेच वारलेले, त्यांचे सगळे फोटो त्यातच. मोबाइलवाल्यांनी हात वर केले, म्हणून तो आमच्याकडे आला. भाऊंनी मोबाइल उलटसुलट केला, फडक्याने पुसला.

"रोल असता तं धुऊन सुकवला असता गड्या. याले कुठून उघडू?"

तो बिचारा तिथंच रडला. आम्ही चहा मागवला, दुसरं काय करणार!

*

गल्लीतल्या काकूंकडे त्यांच्या मिस्टरांचा एकच फोटो होता, ग्रुपमधला, तोही पुसट. मिस्टर गेल्यावर तो त्यांनी मोठा करायला आणला. मी हौसेने ॲपमध्ये टाकला. दोन मिनिटांत चेहरा लख्ख, सुरकुत्या गायब, वर कोट-टाय!

काकूंनी बराच वेळ पाहिलं.

"मानूस चांगला हाय," त्या म्हणाल्या, "पन आमचे हे नाहीत."

पुसटच फोटो मोठा करून घेऊन गेल्या. मला अजून त्याची लाज वाटते.

*

भाऊंकडे निगेटिव्हचे एकोणीस डबे आहेत. मुलगा म्हणतो, "बाबा, स्कॅन करा अन् फेका."

"तुही माय हाय त्याच्यात. फेकू?"

ज्याचा फोटो आम्ही काढला तो रिकाम्या हाताने परत गेला नाही, हा भाऊंचा एकुलता एक अभिमान.

*

मग आसेगावहून एक म्हातारे आले. बायको गेलेली, तेरवी तोंडावर, आणि घरात तिचा एकही फोटो नाही.

"पुतनीच्या लग्नात तुमीच तं काढला होता भाऊ. मी अन् थे, मांडवाच्या खांबाजवळ. फ्लॅश पडला, मले आठोते."

मलाही आठवलं. त्या लग्नात पंगती बसायच्या आतच रोल संपले होते. आणि आमच्या धंद्याची जुनी रीत अशी, की रोल संपला तरी वऱ्हाडातल्या माणसाला नाही म्हणायचं नाही. उभं करायचं, "हसा" म्हणायचं आणि नुसता फ्लॅश मारायचा. या दोघांच्या वेळी कॅमेरा रिकामा होता.

भाऊंनाही ते ठाऊक होतं. तरी त्यांनी एकोणीसही डबे काढले आणि एकेक पट्टी उजेडाकडे धरून पाहिली. म्हातारे बाकावर बसून होते.

"निगेटिव्ह खराब झाली बावा," शेवटी भाऊ म्हणाले.

"पन फोटो निंगाला होता ना?"

"निंगाला होता."

"थे हासत होती का? मी समोर पाहत होतो, मले दिसलं नाही."

भाऊंनी डब्याचं झाकण लावलं.

"हो बावा. हासत होती."