पेल्यातली काळी माती

मी चौथी पास आहे. अंगात येणं, नजर लागणं, उतारा टाकणं, यातलं काही मी आयुष्यात मानलं नाही. शेजारणीच्या अंगात यायचं, तेव्हा मी तिला तोंडावर विचारायचे, "देवी बरी भांडी घासायच्या वेळेलाच येते गं?" या सदरातले अनुभव नात मला वाचून दाखवते. बहुतेक ऐकून हसूच येतं. तरी हा पाठवतेय, कारण तो माझ्याच हातात घडला, दिवसाउजेडी, आणि माझ्या सुनेच्या डोळ्यांदेखत.

आधी ठिकाण सांगते. धायरीच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी एक छोटा मातीचा बांध आहे. पिण्याच्या पाण्याचा नाही. डोंगरावरचा लोंढा एकदम खालच्या वस्तीत घुसू नये म्हणून पावसाळ्यात पाणी अडवायचं आणि पाइपातून हळूहळू नाल्यात सोडायचं, एवढंच त्याचं काम. उन्हाळ्यात तिथे गुरं चरतात. माझे यजमान तिथे चौकीदार होते. ते गेल्यावर काम मला मिळालं. बांधाच्या अगदी खाली आमची पन्नासेक बैठी घरं, आणि पायथ्याला चिकटून बालवाडी. माझी नात तेव्हा तिथेच जायची.

काम सोपं होतं. मातीचा बांध थोडा पाझरतोच. तो पाझर पायथ्याच्या दगडी चरातून बाहेर येतो. रोज सकाळी ते पाणी काचेच्या बाटलीत भरायचं, अर्धा तास ठेवायचं आणि तळाशी गाळ बसतो का ते बघायचं. नाही बसला, तर वहीत 'स्वच्छ' लिहायचं. बसला, तर वही टाकून खात्याच्या ऑफिसला कळवायचं. हे मला वानखेडे साहेबांनी शिकवलं. तरुण इंजिनिअर, अमरावतीकडचे. म्हणायचे, "मावशी, बांध पाझरला तर भ्यायचं नाही. पण माती घेऊन पाझरला, तर एक मिनिटही थांबायचं नाही. पाणी आतून पोखरत येते, अन् मग बांध जातो तो एकदमच."

तेव्हा हिंजवडीला कंपन्या वाढत होत्या आणि आमच्याकडे बिल्डिंगा. बांधाशेजारी एक मोठी सोसायटी झाली. सगळे कंपनीवाले. बांधाच्या पायथ्याला त्यांनी चालायचा ट्रॅक केला, पेव्हर ब्लॉक बसवले, आणि चराचं तोंड सिमेंटने बंद करून टाकलं. ओल येते म्हणून, डास होतात म्हणून.

मी सेक्रेटरींना म्हटलं, "अहो, ते पाणी अडवू नका. ते यायलाच पाहिजे."

"मावशी, आपल्या घरात भिंतीला ओल आली तर आपण काय करता? हळदकुंकू वाहता?" गृहस्थ पेठेतले. मग खुशीत म्हणाले, "बघा, गळती बंद झाली. तुमच्या खात्याला इतक्या वर्षांत जमलं नाही, ते आम्ही एका रविवारी केलं."

मी ऑफिसला कळवायला हवं होतं. कळवलं नाही. गुडघे दुखत होते, चर कोरडा पडला होता, बाटलीत भरायला पाणीच नव्हतं. ऑफिसात रकाना रिकामा सोडलेला चालायचा नाही. मग मी घरी बसूनच 'स्वच्छ' लिहायला लागले. रोज. पंधरा-वीस दिवस तरी असं चाललं असेल. चूक माझी आहे, दुसऱ्या कुणावर ढकलत नाही.

त्यात चार दिवस पाऊस थांबला नाही. बांध गळ्यापर्यंत भरला. चौथ्या दिवशी सकाळी उठले, चहा घेतला, वहीत त्या दिवसाचंही 'स्वच्छ' लिहून मोकळी झाले. मग बीपीची गोळी घ्यायला हंड्यातून स्टीलचा पेला भरला.

पेल्याच्या तळाशी काळा गाळ होता.

मी सुनेला हाक मारली. "सविता, पेला घासलास की नुसता विसळलास?"

"घासलाय की वो आत्या. राखुंडीनं घासलाय."

पेला मोरीत ओतला, बोटाने पुसला, परत भरला. परत काळा. हंड्यात वाकून पाहिलं, तळ लख्ख दिसत होता. वैतागून सविताने पेला माझ्या हातातून घेतला, विसळला, भरला आणि अर्धा पिऊन दाखवला. "बघा. काय झालंय पाण्याला? तुमचं डोळं तपासून आणू या एकदा."

तो उरलेला अर्धा पेला मी तिच्या हातातून घेतला. पाणी नितळ होतं… मी पाहिलंय, ती पाहतच होती. माझ्या हातात आल्यावर, चुलीतून धूर निघावा तसं तळातून काळं वर यायला लागलं. हळूहळू. काठापर्यंत.

सविता भिंतीला टेकली. "आत्या… ह्ये काय हाय?"

मी घाबरले नाही म्हणणार नाही. पण भुताला घाबरले नाही. मी बोट बुडवून तो गाळ चोळून पाहिला. चिकट, लोण्यासारखा. आमच्याकडे सगळा तांबडा मुरूम. पावसात नळाला गढूळ आलंच तर तांबडं येतं. असली काळी चिकण माती मी एकदाच पाहिली होती — बांधाची दुरुस्ती निघाली, तेव्हा चर खणून बांधाचं पोट उघडं केलं होतं. आत पाणी अडवायला काळी माती दाबून भरलेली असते, वरून मुरूम. ती माती बाहेरून दिसत नाही. ती दिसू नयेच.

पेला ओट्यावर ठेवला, प्लास्टिकची खोळ घेतली आणि निघाले. गुडघ्यांचं काय झालं ते आठवत नाही.

चर कोरडाच होता. ट्रॅक झाडून काढल्यासारखा स्वच्छ. मी परत फिरणार होते. मनात म्हटलं, म्हातारे, डोकं फिरलंय तुझं. तेवढ्यात वर, ब्लॉकच्या वर पुरुषभर उंचीवर, गवत आडवं झालेलं दिसलं. गवत बाजूला केलं. खालची वाट बुजवल्यावर पाण्याने वरून वाट काढली होती; अंगठ्याएवढ्या भोकातून ते उसळत होतं. काळं. भोकाभोवतीची माती हाताखाली दहीभातासारखी लागली.

सेक्रेटरी छत्री घेऊन चालत होते. "मावशी, खाली उतरा. चिखल ट्रॅकवर येतोय."

"तुमचा मोबाईल द्या."

"का? धरणाला डॉक्टर बोलवायचाय?"

"अहो, बांध फुटतोय. खाली बालवाडी भरलीय. फोन द्या!"

त्यांनी माझं तोंड पाहिलं आणि फोन लावून दिला. वानखेडे साहेबांना मी सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "रंग कोणता, मावशी?"

"काळा."

मग म्हणाले, "खाली एक माणूस ठेवू नका. मी निघालो."

मी बालवाडीकडे पळाले. बाई म्हणाल्या, खाऊ वाटून झाला की सोडते. मी खाऊचं टोपलं उलटं केलं आणि म्हटलं, "झाला वाटून. उचला पोरं." नातीला काखेत मारली, आणखी एक हाताला धरली. खरं सांगायचं तर सेक्रेटरी त्या दिवशी माझ्यापेक्षा जास्त पळाले. दारोदार जाऊन म्हाताऱ्यांना उचलून सोसायटीच्या पार्किंगमध्ये आणलं, कारण ते उंचावर. ज्या सोसायटीवाल्यांनी वस्तीतल्यांना कधी गेटच्या आत घेतलं नव्हतं, ते स्वतः सतरंज्या घालत होते.

साहेब वाळू-खडीच्या गाड्या घेऊन आले. नाल्यात पाणी सोडायच्या पाइपाचा दरवाजा पूर्ण उघडला. ब्लॉक उखडले, चराचं तोंड फोडलं, आणि त्या भोकावर आधी वाळू, मग खडी टाकत राहिले. पाणी येऊ द्यायचं, माती अडवायची. दुपारी बांधाची एक कड घसरली. सगळा ढिगारा बालवाडीवर आला. भिंत गेली, पत्रे गेले. पण पाण्याची पातळी तोवर उतरली होती, म्हणून बांध राहिला. बालवाडीत कुणी नव्हतं. साहेब म्हणाले, अर्धा तास उशीर झाला असता तर…

एवढं म्हणून ते परत खडी टाकणाऱ्यांकडे गेले.

संध्याकाळी घरी आले. पेला ओट्यावर तसाच होता. वरचं पाणी नितळलं होतं, तळाशी बोटभर काळी माती. सविताने त्याला हात लावला नव्हता. दुसऱ्या दिवशी साहेब चहाला आले, तेव्हा मी तो पुढे केला आणि वहीसकट सगळं सांगितलं. त्यांनी माती चिमटीत घेऊन चोळली. बराच वेळ चोळली.

"ही गाभ्याची माती आहे, मावशी. कुठून घेतली?"

"हंड्यातून."

"नळाचं पाणी तर खडकवासल्याकडून येते. या बांधाचा थेंब त्यात जात नाही."

"माहितीये मला."

त्यांनी पाण्याची लाईन तपासली. फुटलेली नव्हती. शेजारपाजारी कुणाकडे गढूळ आलं नव्हतं. त्याच हंड्यातलं पाणी सविता आणि नात त्या रात्रीही प्यायल्या, ते नितळच होतं. माझे डोळे तपासले, मोतीबिंदू नव्हता. शेवटी साहेबांनी विचारलं, "हे रिपोर्टात कुठं लिहू?" मी म्हटलं, नका लिहू. वहीचं मात्र त्यांनी लिहिलं, आणि मला मेमो मिळाला. मिळायलाच हवा होता.

यजमानांनी केलं, असं सविता म्हणते. मी म्हणत नाही. जिवंतपणी त्यांनी मला कधी पेलाभर पाणी दिलं नाही. मग कुणी केलं? माहीत नाही. इतकी वर्षं झाली, अजून कळलेलं नाही. आता कळेल असंही वाटत नाही.

पुढे वस्तीने आणि सोसायटीने मिळून कार्यक्रम ठेवला. शाल दिली. सेक्रेटरींनी माईक माझ्यापुढे धरला. "मावशी, तुम्हाला नेमकं कसं कळलं?"

"पाणी गढूळ दिसलं," मी म्हटलं.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कुठे दिसलं, हे कुणीच विचारलं नाही.