आधी जा, समेट कर

बायबलमधल्या एका ओळीत किती दिवस मुक्काम ठोकता येतो, हे आमच्या आतोबांना न पाहिलेल्या माणसाला कधी कळायचं नाही. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. भोसरीतल्या, मशीनखाली पत्रा दाबून भाग काढणाऱ्या एका प्रेसशॉपमध्ये सुपरवायझर म्हणून त्यांनी उभा जन्म काढला आणि निवृत्त झाल्यावर तोच कडकपणा शास्त्रभागांना लावला. दर रविवारी दुपारी त्यांच्या दोन खोल्यांत घरसभा भरे. पंधरा-वीस माणसं सतरंजीवर दाटीनं बसत आणि आतोबा एकेक शब्द असा तपासत, जणू जरा कमी भरला तर परतच पाठवणार. पाच भाकरींची गोष्ट समजावताना त्यांनी आत्याला खरोखर जवाच्या पाच भाकरी थापायला लावल्या होत्या. तळ्याकाठी अडतीस वर्षं पडून असलेल्या आजाऱ्याला प्रभू विचारतो, तुला बरं व्हायचंय का? त्या एका प्रश्नावर आतोबा तीन रविवार बसले. "आजाराचीही सवय होते, बंधूंनो. बरं झालं की आपली बाज आपल्यालाच उचलावी लागते!" शेवटी आतून आत्या म्हणाली, "अहो, उठू द्या की त्याला आता! आधीच अडतीस वर्षं झालीत."

त्या रविवारी डोंगरावरच्या प्रवचनातला भाग होता. वेदीपाशी अर्पण आणलंस आणि तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव. आधी जा, समेट कर. सभेतल्या एक मावशी म्हणाल्या, "म्हणजे आपल्या मनातला राग सोडायचा, एवढंच ना?"

"नाही मावशी, नीट बघा. राग आपल्या मनात नाही, त्याच्या मनात आहे. म्हणजे दुखावणारे आपण. देव म्हणतो, मी थांबतो, तू आधी त्याच्याकडे..."

मध्येच थांबायची आतोबांची खोडच, म्हणून आधी कुणाला काही वाटलं नाही. पण या वेळी तीच ओळ त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मनाशी वाचली. मग त्यांनी पुस्तक मिटलं. "तुम्ही गाणी म्हणा. मी येतो." आणि मला म्हणाले, "गाडी काढ. चाकणकडं जायचंय."

नाशिक रस्त्याला ट्रकांची रांग लागली होती. मागे बसून आतोबा माझ्या कानाशी बोलत राहिले. नऊ वर्षांपूर्वी त्यांच्या हाताखालच्या सोपानची दोन बोटं प्रेसमध्ये गेली. चौकशीत आतोबांनी सांगितलं, की मशीनची संरक्षक जाळी सोपाननंच काढली होती. "खरं तर मीच काढायला लावली. काम उरकायची घाई होती." मला वाटलं गाडी वळवावी. वळवली नाही.

चाकणला पोचलो तेव्हा सोपान घराच्या अंगणातच होता. आतोबांनी सगळं एका दमात सांगितलं, सभेतलं वाचन सोडून आलोय हेही. त्याची बायको दारात येऊन उभी राहिली. "आता सांगताय व्हय? नऊ वर्सं गाव ह्यांना हलगर्जी म्हणतंय!"

सोपाननं तिला हातानं थांबवलं. त्या हाताला तीनच बोटं होती. "मला म्हाईत हाय, मी काय केलं अन् काय न्हाई. आमच्या म्हाताऱ्याला सांगा. त्यो अजून माझ्या तोंडाकडं बघत न्हाई. आन् मोठ्यानं सांगा, त्याला ऐकू कमी येतं."

ओसरीवर खाटेवर म्हातारबा पडले होते. आतोबांनी सांगितलं. "काय म्हणतोय ह्यो?" आतोबांनी आवाज चढवला. म्हातारबांनी कानामागं हात धरला. तिसऱ्या वेळी आतोबा अक्षरशः ओरडले, "जाळी मी काढायला लावली! मी खोटं बोललो! तुमच्या पोराची चूक नव्हती!" गल्लीतली माणसं आपापल्या दारात आली. म्हातारबा बराच वेळ आतोबांकडे बघत राहिले, मग मान वळवून पोराकडे. "सोप्या," एवढंच म्हणाले.

सोपाननं आतोबांना तांब्या दिला. "पाणी प्या अन् जावा."

परतलो तेव्हा सभा बसूनच होती. गाणी संपली होती. "समेट झाला का?" मावशींनी विचारलं.

"मी फक्त 'जा' या शब्दापर्यंत पोचलोय," आतोबा म्हणाले आणि सगळ्यांसमोर झालं ते सांगितलं. त्यानंतर काही जण सभेला यायचे बंद झाले. आतोबांनी त्यांना दोष दिला नाही. ते महिन्यातून एकदा बसनं चाकणला जात राहिले, कधी दारातून परत येत, कधी ओसरीवर बसून.

मागच्या हिवाळ्यात आतोबा अंथरुणाला खिळले तेव्हा एके दुपारी सोपान भुईमुगाच्या शेंगांची पिशवी घेऊन आला. म्हातारबा दिवाळीनंतर गेले, म्हणाला. जरा वेळानं विचारलं, "त्या दिवशी सभेत काय वाचत व्हता, ते जरा वाचा की."

आतोबांनी वाचलं. दोनच ओळी. मी वाट बघत होतो, आता समजावतील. त्यांनी काहीच समजावलं नाही. सोपान एकेक शेंग फोडून दाणे त्यांच्या तळहातावर ठेवत होता आणि आतोबा, तोंडात दात नसले तरी, ते हळूहळू चघळत होते.