रिकामा डबा द्यायचा नसतो

बायको होळीला गेली आणि बघता बघता दिवाळी आली. आमच्याकडं घरातलं माणूस गेलं की वर्षाच्या आत तळण लावत न्हाईत. शेजारपाजारचे लोक फराळ आणून देतात. रीत चांगली हाय, पण हात पुढं करून घ्यावं लागतं त्यालाच कळतं.

उभा जन्म मी नळदुर्गला हायवेवरच्या ढाब्यात भजी तळली. घरात मात्र दिवाळीला तिनं कढईला हात लावू दिला न्हाय. "तुमचा ढाबा तिकडं," म्हणायची. आता घर माझं, कढई माझी, आणि तळायला बंदी.

भिंतीपलीकडून चकलीचा वास आला की मी मनातनं जळायचो. शेजारी माझ्याच वयाचा. पाडव्याला सकाळी त्याची बायको त्याला अंगणात बसवून तेल लावत होती आणि वर तोंड सोडत होती, "मान खाली करा की! लाकडागत काय बसलाय?" मी कान देऊन ऐकत होतो. नंतर तो ओल्या डोक्यानं माझ्या ओट्यावर आला आणि खर्चाचं रडगाणं लावलं. लेकीला साडी, जावयाला कपडे, नातवाला फटाके, बायकोचं आणखी वेगळंच.

"तुमचं बरं हाय आण्णा. तुम्ही सुटलात."

"सुटलो न्हाय, मागं राहिलो," मी म्हणलो. "अदलाबदल करता का बोला."

तो हसला. मला हसू आलं न्हाय.

माझी एकुलती एक लेक उमरग्याहून यायची होती. दरसाल ती आईच्या हातच्या फराळाचा डबा सासरी न्यायची. यंदा निराधाराचे सरकारी पैसे सणाआधी आलेच न्हाईत, म्हणून साडीचं जमलं न्हाय. साडी नसली तर नसली, पण डबाबी शेजारणीच्या घरून जाणार? सासरचे विचारणार, चकल्या कुणी केल्या? ही सांगणार, शेजारच्या काकूनं. मग बापाचं घर कशाला म्हणायचं?

तळायचं न्हाय, पण कुटायला कुणाची बंदी? शेंगदाणे आणले, तव्यावर भाजले, लसूण, तिखट, मीठ घालून उखळात कुटत बसलो. हात भरून आले, पण दाण्याला तेल सुटेस्तोवर सोडलं न्हाय.

लेक आल्यावर तिनं चटणी बोटावर घेऊन चाखली. "चांगली झालीय आण्णा. पण आईच्यासारखी न्हाय."

मेलेल्या बायकोचाबी राग आला मला. जाऊनसुद्धा तीच पुढं.

लेक निघायच्या दिवशी शेजारीण स्टीलचा मोठा डबा घेऊन आली. चकल्या, शेव, अनारसे. लेक तिच्या गळ्यात पडून रडली. दोन दिवसांत माझ्यापुढं एकदाबी रडली नव्हती. मी म्हणलो, पिशवी मी भरतो. चटणी आत ठेवली आणि शेजारणीचा डबा मांडणीमागं सरकवला.

संध्याकाळी फोन आला. "आण्णा, काकूंचा डबा राहिला की."

"राहिला का? म्हातारा झालो गं."

"असू द्या. चटणी सासूबाईंनी दोनदा मागून घेतली."

ते ऐकून छाती जरा फुगली. चकल्या मग मीच खाल्ल्या. खुसखुशीत होत्या. खोट काढायला जागाच न्हाय, हे लई लागलं.

डबा संपला. रिकामा डबा परत द्यायचा नसतो, हा आमच्या घरातला तिचा कायदा. उरलेली चटणी भरून घेऊन गेलो.

"लेकीला आवडल्या का चकल्या?" शेजारणीनं विचारलं.

"आवडल्या. तेल जरा जास्त झालं म्हणत होती."

घरी येऊन भिंतीला टेकतो न टेकतो तोच पलीकडून आवाज आला, "बघा! बाप्या माणूस असून चटणी कुटली त्यांनी. तुम्ही जल्मात एक कांदा तरी चिरला का?"

बरं वाटलं. मी भांडण लावूनच आलो होतो. शेजारी काहीतरी पुटपुटला, ती आणखी चढली, आणि मग काय झालं कुणास ठाऊक, दोघंबी हसायला लागले. ताटं मांडल्याचा आवाज आला. "वाढ गं जरा," तो म्हणाला.

चटणी माझी, आणि जेवायला ते दोघं.