नारूच्या गावची सोयरीक

माझ्यासाठी सांगोल्याकडची सोयरीक आली म्हटल्यावर आमच्या घरात पहिला प्रश्न मुलीच्या रंगाचा निघाला नाही. आत्या म्हणाली, "तिकडं नारू लई. पोरीचे पाय बघून घ्या."

आजच्या पोरांना नारू माहीत नाही. दोऱ्यासारखा लांब जंत. फोड आणायचा आणि त्यातून बाहेर निघायचा, बहुतेक पायातूनच. सत्तरच्या दशकात सोलापूरच्या सात रस्त्याकडच्या आमच्या नळवाल्या गल्लीत मी तो कुणाला झालेला पाहिला नव्हता. अक्कलकोटकडच्या नातेवाइकांतही क्वचितच. सांगोल्याकडच्या काही गावांत मात्र घरटी एक माणूस पाय धरून बसलेला. काकांचा सिद्धांत तयार होता, "त्या मातीतच हाय ते. माणसांत मुरलंय." मी बी.कॉम. झालेलो, त्यामुळे मान डोलावली.

मुलगी बघायला गेलो. चहा झाल्यावर आत्या गोड आवाजात म्हणाली, "बाळ, जरा दारापर्यंत चालून दाखव की."

मुलगी उठली, दारापर्यंत गेली, परत आली. आत्याची नजर तिच्या घोट्यांवर. माझीही तिथंच, पण कारण वेगळं. करीन तर हिच्याशीच, असं मी त्या दोन मिनिटांत ठरवून टाकलं.

मग मला मर्दुमकी सुचली. मुलीचा थोरला भाऊ शेत दाखवायला घेऊन गेला. वाटेत पायऱ्यांची विहीर होती. बायका गुडघाभर पाण्यात उतरून घागरी बुडवत होत्या. मीही उतरलो आणि ओंजळीनं घटाघटा पाणी प्यायलो.

"अवो, घरी गाळलेलं हाय की! आमी फडक्यातनं गाळल्याबिगर पीत न्हाय," भाऊ काठावरून ओरडला.

"आम्ही सोलापूरचे," मी म्हणालो, "सगळं पचवतो."

सोयरीक ठरली. विहिरी आटल्यामुळं लग्न मात्र पुढच्या उन्हाळ्यावर गेलं. तो उन्हाळा आला, पत्रिका छापून झाल्या आणि माझ्या डाव्या घोट्यावर फोड उठला. आग थांबेना म्हणून बादलीत पाय बुडवला, तर फोड फुटून पांढरा दोरा डोकावला.

"अय्यो!" म्हणून आत्या खालीच बसली. काका मातीचा सिद्धांत सोडून डॉक्टरांना आणायला धावले.

डॉक्टरांनी विचारलं, "वर्षापूर्वी कुठलं पाणी प्यायलात?" मग सगळा उलगडा झाला. नारूवाला पाय पाण्यात बुडतो, जंताची पिल्लं पाण्यातल्या बारीक किड्यांत शिरतात आणि ते पाणी गाळल्याशिवाय पिणाऱ्याच्या पोटात उतरतात. अक्कलकोटकडं आडातून दोरानं पाणी शेंदत. पाण्याला कुणाचा पाय लागतच नसे. दोष मातीचा नव्हता, पायऱ्यांचा होता. आणि पायऱ्या उतरून मी स्वतःच गेलो होतो.

बातमी सांगोल्याकडं पोचली आणि होणाऱ्या सासूबाई आल्या. लग्न मोडायलाच आल्यात, असं मी धरून चाललो. त्यांनी चहाला हात लावला नाही.

"जावईबापू, जरा दारापर्यंत चालून दाखवा की."

आत्या जमिनीकडं बघू लागली. घोट्याशी रोज थोडा थोडा ओढून काडीवर गुंडाळलेला नारू, वर पट्टी, असा मी लंगडत दारापर्यंत गेलो आणि परत आलो. उभ्या आयुष्यात मला कुणी इतकं निरखून बघितलेलं नाही.

"पाय बरा व्हईल," सासूबाई म्हणाल्या. "पर पोरीनं निरोप धाडलाय. हितनं फुडं गाळल्याबिगर पाणी पिणार असतील, तर लगीन करायचं न्हाय."

"नाही पिणार," मी म्हणालो. इतक्या घाईनं की काकासुद्धा हसले. सासूबाईंनी पिशवीतून शुभ्र, घट्ट विणीचं फडकं काढून आत्याच्या हातात दिलं आणि मगच चहाची बशी उचलली.

अक्षता पडल्या तेव्हा मी एका पायावर भार देऊन उभा होतो. सात रस्त्याच्या नळाचं पाणीसुद्धा पुढं आमच्याकडं त्या फडक्यातूनच माठात पडलं. आत्या कधी विसरली, तर बायको तिला काही बोलत नसे. नुसती माझ्या घोट्याकडं बघे.